बेडकुळी आणि मज्जातंतू

दंड आवळला म्हणजे वर येणारा जो मांसाचा गोळा, त्याला आपल्या भाषेत बेडकुळी म्हणतात. कोणी बेटकुळी म्हणतात, कोणी नुसती बेडकी. कातडीखाली एखादा बेडूक दबा धरून बसला आहे आणि हात वळवताच तो टुणकन वर येतो, असे आपल्या पूर्वजांना वाटले असावे. प्राचीन रोमन लोकांना त्याच ठिकाणी उंदीर दिसला. स्नायूला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'लहानसा उंदीर' असा आहे आणि इंग्रजीतील 'मसल' हा शब्द त्याचाच वंशज होय. आपल्याकडील 'स्नायू' या शब्दाची कथाही मौजेची आहे. सुश्रुताने शरीरात पाचशे पेशी आणि नऊशे स्नायू सांगितले आहेत. ज्याला आज आपण स्नायू म्हणतो त्याला तो पेशी म्हणतो. त्याचे स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या. ग्रीकांच्याही भाषेत मज्जातंतूला आणि अशा दोरीला, इतकेच काय, धनुष्याच्या प्रत्यंचेलाही, एकच शब्द होता. तात्पर्य, फुगणारा गोळा साऱ्या जगाला दिसला. पण त्या गोळ्याला 'ऊठ' म्हणून सांगणारा धागा कोणता, हे ओळखावयास माणसाला फार काळ लागला. त्या धाग्याचा शोध आणि आपल्या व्यायामाशी त्याचा असलेला संबंध, हा आजचा आमचा विषय आहे.

विषय कोरड्या शास्त्राचा वाटेल. परंतु तो आपल्या नित्य अनुभवातलाच आहे. तालमीत नव्याने जाऊ लागलेला मुलगा पहिल्या दिवशी जेमतेम दहा जोर काढतो. महिन्याभराने तोच पंचवीस-तीस काढू लागतो. आता शिंप्याची फीत घेऊन त्याचा दंड मोजा. जवळजवळ पहिल्याइतकाच भरेल! वस्ताद म्हणतात, अंगात जोर भरला. आई म्हणते, दुधाचा गुण. मुलगा मात्र आरशासमोर उभा राहतो आणि आरसा त्याला सांगतो की काहीही झालेले नाही. मग कित्येकदा तो आरशावर विश्वास ठेवतो आणि दुसऱ्या महिन्यात तालमीकडे फिरकत नाही. आजच्या जिमखान्यांतून आणि 'जिम'मधूनही हेच घडते. दंड वाढला नाही आणि शक्ती मात्र वाढली, तर ती आली कोठून? प्रश्न साधा आहे. त्याचे नेमके उत्तर मात्र १९७९ साली मिळू लागले आणि तेथवर पोहोचण्याचा रस्ता इटलीतल्या एका बेडकाच्या तंगडीपासून सुरू होतो.

युरोपात पंधराशे वर्षे गेलेन या वैद्याचे मत प्रमाण मानले जाई. मज्जातंतू पोकळ असून त्यांतून मेंदूतला एक सूक्ष्म वायुरूप पदार्थ स्नायूत उतरतो, असे ते मत. सतराव्या शतकात देकार्तसारख्या बुद्धिमान पुरुषानेही स्नायू पखालीसारखा फुगतो असेच मानले. त्याला पहिला खरा धक्का दिला तो हॉलंडच्या यान स्वामरडॅमने. त्याने बेडकाचा स्नायू बंद काचनळीत ठेवला, नळीच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब ठेवला आणि मज्जातंतूला डिवचले. स्नायू आखडला, पण थेंब पुढे सरकला नाही. बाहेरून काही आत शिरून स्नायू फुगत असता तर थेंब सरकावयास हवा होता. एका थेंबाने पंधराशे वर्षांचे मत खोटे पाडले. परंतु स्वामरडॅम १६८० साली वारला आणि हा प्रयोग छापून प्रसिद्ध व्हावयास आणखी सुमारे साठ वर्षे जावी लागली.

मग बोलोन्याचा लुइजी गॅल्व्हानी आला. त्याच्या घरातच प्रयोगशाळा होती आणि पत्नी लुचिया ही त्याची साहाय्यक होती. ठिणगी पाडणारे विजेचे यंत्र एकीकडे फिरत असताना दुसरीकडे बेडकाच्या मांडीच्या मज्जातंतूला साहाय्यकाच्या चाकूचे टोक लागले आणि मेलेल्या बेडकाची तंगडी झाडली गेली. गॅल्व्हानीने या एका झटक्याचा दहा वर्षे पाठपुरावा केला. १७९१ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो पाहावयास लुचिया राहिली नव्हती, ती त्याआधीच गेली होती. प्राण्याच्या शरीरातच वीज असते आणि मज्जातंतूतून ती स्नायूकडे जाते, हा त्याचा सिद्धांत.

पाव्हियाच्या व्होल्टाने तो खोडून काढला. तो म्हणाला, वीज बेडकात नाही, बेडकाला लावलेल्या दोन निराळ्या धातूंत आहे. बेडूक केवळ ती दाखवणारा काटा आहे. हे सिद्ध करण्याच्या ओघात त्याने १८०० साली जगातली पहिली विद्युत्घटमाला बनवली. गॅल्व्हानीने त्यापूर्वीच, १७९४ मध्ये, धातूला स्पर्शही न करता केवळ मज्जातंतू स्नायूला लावून तंगडी हलवून दाखवली होती. पण व्होल्टाच्या घटमालेच्या लखलखाटात ते कोणाच्या ध्यानात राहिले नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते. नशीब मात्र दोघांचे सारखे नव्हते. नेपोलियनने स्थापलेल्या राज्याशी एकनिष्ठतेची शपथ घ्यावयास गॅल्व्हानीने नकार दिला, त्यापायी त्याची अध्यापकाची जागा गेली आणि १७९८ च्या डिसेंबरात तो वारला. व्होल्टाला त्याच नेपोलियनने पुढे सुवर्णपदक दिले आणि सरदारकी दिली.

पुढचे शतक जर्मनांचे. बर्लिनच्या द्यु ब्वा-रेमाँ याने १८४९ च्या सुमारास माणसाच्या दंडातली वीज काट्यावर दाखवली. दोन्ही हातांची बोटे मिठाच्या पाण्यात बुडवावयाची आणि एक हात जोराने आवळावयाचा. काटा किंचित हले. कातडीचा अडथळा कमी व्हावा म्हणून स्वतःच्या हातांवर फोड आणून त्यांवरची साल काढून टाकण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. त्याचा मित्र हेल्महोल्ट्स याने मज्जातंतूच्या निरोपाचा वेगच मोजला. हा वेग इतका प्रचंड असणार की तो मोजणे माणसाला कधी साधणार नाही, असे त्याच्या गुरूचे, योहानेस म्यूलर यांचे, मत होते. शिष्याने युक्ती साधी केली. मज्जातंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा स्नायूपासून दूर चेतवले आणि आखडण्यास लागलेल्या वेळांतला फरक पाहिला. १८५० साली त्याने जो आकडा जाहीर केला तो बेडकाच्या बाबतीत सेकंदाला सुमारे २७ मीटर एवढाच होता. विजेचा तारेतला वेग कोठे आणि हा कोठे! शर्यतीचा घोडाही याहून फार मागे नाही. माणसात हा वेग याच्या सुमारे दुप्पट भरतो. मनात आले आणि झाले, असे आपण म्हणतो खरे. पण मनात येणे आणि होणे यांच्या मध्ये मोजता येईल एवढा काळ जातो, हे प्रथमच सिद्ध झाले.

निरोप तारेतून आला, तरी घराच्या दारात तो कोण देतो? हा प्रश्न पॅरिसच्या क्लोद बर्नारने पुढे आणला. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणांना क्युरारे नावाचे विष लावत. त्या विषाने मारलेल्या प्राण्याचा स्नायू थेट चेतवला तर आखडतो, परंतु मज्जातंतू चेतवला तर हूं की चूं करीत नाही. याचा अर्थ असा की तंतू आणि स्नायू यांच्या भेटीच्या जागीच काही तरी घडते आणि विष नेमके तेथे आडवे येते.

ते काय, याचा उलगडा १९२१ साली ग्रात्स येथे ओटो लोएवी याने हृदयाच्या बाबतीत केला. एका बेडकाच्या हृदयाचा मज्जातंतू चेतवून ते मंद केले आणि त्यातले द्रव दुसऱ्या हृदयावर सोडले, तो तेही मंद झाले. निरोप रसायनाच्या रूपाने दिला गेला होता. प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली, असे तो सांगे. हातापायांच्या स्नायूंतही हाच व्यवहार चालतो आणि तेथला निरोप्या म्हणजे अॅसिटिलकोलीन हे द्रव्य, हे १९३६ साली लंडनमध्ये हेन्री डेल, विल्हेल्म फेल्डबर्ग आणि मार्थे फोग्ट यांनी दाखवले. त्याच वर्षी लोएवी आणि डेल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. यांतले फेल्डबर्ग ज्यू म्हणून १९३३ मध्ये बर्लिनमधून काढले गेलेले. लोएवींना १९३८ मध्ये नाझींनी तुरुंगात टाकले आणि पारितोषिकाचे पैसे सोडावयास लावूनच देशाबाहेर जाऊ दिले. पुढे ज्यांनी हे रसायन सुट्या थेंबांनी न येता ठरावीक मापाच्या पुड्यांनी येते असे सिद्ध केले, ते बर्नार्ड कॅट्झ, तेही १९३५ मध्ये लाइप्झिग सोडून लंडनला आलेले निर्वासितच. तंतू आणि स्नायू यांच्या मधली फट मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाएवढी असते. तिच्यात काय चालते ते जगाला समजले ते बऱ्याच अंशी घरादाराला मुकलेल्या माणसांमुळे, याची नोंद इतिहासात राहावयास हवी.

येथवर एका तंतूचा निरोप एका स्नायूला कसा पोहोचतो ते झाले. व्यायामाच्या दृष्टीने खरी गोम पुढेच आहे. तोच दंड कधी फूल उचलतो आणि कधी धान्याचे पोते. हुकूम देणारा तोच, पाळणारा तोच. मग कमीअधिक जोर कसा ठरतो?

याचे उत्तर ऑक्सफर्डच्या चार्ल्स शेरिंग्टन यांच्या शाळेत तयार झाले. पृष्ठरज्जूतली एक चालक पेशी, तिचा एक लांब तंतू आणि त्या तंतूच्या फाट्यांनी जोडलेले स्नायूतले कित्येक धागे, असा मिळून एक घटक होतो. १९२५ च्या सुमारास त्याला 'मोटर युनिट' हे नाव मिळाले. आपण त्याला तुकडी म्हणू. पेशी हा नाईक आणि धागे हे शिपाई. नाईकाने हुकूम दिला की त्याच्या तुकडीतले झाडून सारे शिपाई हलतात. अर्धे हलले, अर्धे बसून राहिले, असे होत नाही. डोळा फिरवणाऱ्या नाजूक स्नायूत एकेका नाईकाच्या हाताखाली दहा-पंधराच शिपाई असतात. पोटरीच्या स्नायूत हजारावर. १९२९ साली केंब्रिज येथे एड्रियन आणि ब्रॉन्क यांनी पोकळ सुईतून अतिसूक्ष्म तार माणसाच्या स्नायूत घातली आणि तिला ध्वनिवर्धक जोडला. स्नायू हळूहळू आवळला की 'टक्, टक्' असा आवाज सावकाश येऊ लागे, जोर वाढवावा तसा तो द्रुत होई आणि मग त्यात दुसरा, तिसरा आवाज येऊन मिसळे. म्हणजे जोर वाढवण्याचे मार्ग दोनच: अधिक तुकड्या कामाला लावावयाच्या, नाही तर प्रत्येक तुकडीला हुकूम अधिक घाईने द्यावयाचे.

तुकड्या कोणत्या क्रमाने उठतात, हे हार्वर्डच्या एल्वुड हेनमन यांनी १९५७ पासून १९६५ पर्यंत मांजरांवर प्रयोग करून दाखवले. लहान नाईक आधी, मोठे मागाहून. फूल उचलावयास लहानशा, न दमणाऱ्या तुकड्या पुरतात; मोठ्या, जोरकस आणि लवकर दमणाऱ्या तुकड्या शेवटी, फारच निकड पडली म्हणजे उठतात. ज्याने आयुष्यात जड असे काही उचललेलेच नाही, त्याच्या या मोठ्या तुकड्या छावणीत पडून असतात. त्या त्याच्या आहेत, त्यांना तो रोज अन्न घालतो, पण बोलावण्याचा सराव त्याला नाही.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे वळू. या प्रश्नाचे पहिले सूत्र येथवरच्या कोणाही शरीरशास्त्रज्ञाच्या हाती लागले नाही. ते सापडले अमेरिकेत येल विद्यापीठाच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत, १८९४ साली. तेथील एडवर्ड स्क्रिप्चर यांनी दोन विद्यार्थिनींकडून दोन प्रयोग करविले. मिस स्मिथ यांनी एका बारीक छिद्रात कडेला न लागू देता सुई घालण्याचा सराव केला. मिस ब्राऊन यांनी पारा वर चढवणारा रबरी गोळा मुठीत दाबण्याचा सराव केला. सराव केवळ उजव्या हाताचा. काही दिवसांनी डावा हात तपासला तो काय! त्याने गोळा एकदाही सरावासाठी दाबलेला नव्हता, तरीही त्याची पकड चाळीस टक्क्यांहून अधिक वाढली होती.

या प्रयोगाकडे आम्ही वारंवार कौतुकाने पाहतो. एकाच बाईची एकच मूठ, आजच्या मापाने फारच तोकडा प्रयोग. पण त्यातला युक्तिवाद बिनतोड आहे. डाव्या हाताला कसरत झाली नाही, त्याचा स्नायू वाढावयास कारण नाही. मग वाढले ते वर, जेथून दोन्ही हातांना हुकूम जातात तेथे. परंतु हा निबंध मानसशास्त्राच्या कपाटात राहिला. पहिलवान, शिक्षक आणि डॉक्टर हे तिन्ही वर्ग पुढे कित्येक वर्षे फितीनेच शक्ती मोजत राहिले. डोळ्यांना दिसते तेवढे खरे मानण्याची खोड विद्वानांनाही असतेच.

दुसऱ्या महायुद्धाने हा विषय इस्पितळात आणला. गुडघे जायबंदी झालेले शिपाई महिनेन्‌महिने खाटेवर पडून असत आणि त्यांना हलका, लांबलचक व्यायाम देण्याची तेव्हा रीत होती. शिकागोच्या लष्करी इस्पितळातले तरुण डॉक्टर टॉमस डीलॉर्म यांना ती पटली नाही. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळल्यावर वजने उचलून त्यांनी आपले शरीर परत मिळवले होते. त्यांनी शिपायांना थोड्या वेळा, पण जड, आणि क्रमाक्रमाने वाढत जाणारे वजन उचलावयास दिले. १९४५ साली त्यांनी त्याचे फळ प्रसिद्ध केले आणि आज जगभर जी चढत्या वजनाची पद्धत चालते तिचा पाया तेथे पडला. पोलिओच्या रोग्यांनाही या पद्धतीचा लाभ झाला. पोलिओत मरतात त्या पृष्ठरज्जूतल्या चालक पेशी, म्हणजे आपले नाईक. शिपाई पोरके होऊन वाळू लागतात. अशा वेळी जगलेले नाईक आपल्या तंतूंना नवे फाटे फोडतात आणि पोरक्या शिपायांना आपल्या तुकडीत घेतात. कित्येकांच्या लुळ्या पायात काही जोर परत आला तो यामुळे. हा वाढीव संसार त्या पेशींना जन्मभर झेपतोच असे नाही. पुष्कळांना तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा दुबळेपणा जाणवू लागतो. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. परंतु त्याआधी हा रोग ज्यांना झाला ते लोक आपल्यांतच आहेत आणि त्यांच्या या दुसऱ्या थकव्याला आळस म्हणण्याची चूक घरोघर होते.

माणूस 'पूर्ण जोर लावतो' म्हणजे नक्की किती लावतो, यावर मग वाद सुरू झाला. लंडनच्या मर्टन यांनी १९५४ मध्ये अंगठ्याच्या स्नायूवर प्रयोग केला. माणसाने सर्व शक्तीनिशी अंगठा दाबलेला असताना बाहेरून मज्जातंतूला विजेचा झटका दिला. शिल्लक राहिलेली शक्ती असती तर अंगठा आणखी दबला असता. तो जवळजवळ दबला नाही. निष्कर्ष असा की मनुष्य ठरवील तर सगळे सैन्य उठवू शकतो. १९६१ साली जपानचे इकाई आणि अमेरिकेचे स्टाइनहाउस यांनी नेमके उलट दाखवले. दर मिनिटाला हाताने जास्तीत जास्त जोराने ओढावयास सांगितलेल्या लोकांच्या मागे त्यांनी अधूनमधून पिस्तुलाचा बार काढला. बारानंतरच्या ओढीत जोर वाढला. स्वतः आरोळी ठोकून ओढले तर सुमारे बारा टक्के वाढला आणि संमोहनाखाली पाव हिश्शाहूनही अधिक. आखाड्यात शड्डू ठोकण्याची आणि 'जय बजरंग'ची आरोळी देण्याची रीत ज्यांनी पाडली, त्यांना ध्वनिवर्धक आणि सुई लागली नव्हती! आमच्या मते दोन्ही प्रयोगांत विसंगती नाही. अंगठा आपण दिवसभर वापरतो, त्याच्या तुकड्या उठवण्याचा सराव पक्का असतो. शिवाय प्रयोग करणारे बहुधा तरबेज असतात. सामान्य माणसाची मांडी आणि पाठ यांची गोष्ट निराळी.

शेवटी १९७९ साल उजाडले. कॅलिफोर्नियात तोशिओ मोरितानी आणि हर्बर्ट डीव्ह्राय यांनी काही तरुण-तरुणींकडून आठ आठवडे एकाच दंडाचा वजनाचा व्यायाम करविला आणि दर काही दिवसांनी दंडावर चकत्या लावून त्यातली वीज मोजली. त्यांचा हिशेब असा. शक्ती जर जाड झालेल्या स्नायूमुळे वाढली असेल, तर तेच वजन उचलावयास पूर्वीपेक्षा कमी वीज पुरेल, कारण थोड्या शिपायांत काम भागेल. शक्ती जर वरच्या हुकुमामुळे वाढली असेल, तर पूर्ण जोर लावताना निघणारी वीजच पूर्वीहून अधिक भरेल. पहिल्या आठवड्यांत वाढ झाली ती बव्हंशी विजेची, म्हणजे हुकुमाची. तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या सुमारास पारडे हळूहळू फिरले आणि जाडीचा वाटा मोठा झाला. ज्या हाताने व्यायाम केलाच नव्हता त्याचीही शक्ती वाढली होती आणि तिच्यात जाडीचा वाटा काहीच नव्हता. मिस ब्राऊन यांची डावी मूठ पंचाऐंशी वर्षांनी खरी ठरली.

आरशाचा दोष आता कळावा. पहिल्या महिन्यात आरसा पाहावयाचा तो ज्या ठिकाणी काम चाललेले नाही त्या ठिकाणी पाहतो. इमारतीच्या विटा अजून आलेल्या नसतात. आतून गवंड्यांची जमवाजमव, हाकारे, ओळखीपाळखी चाललेल्या असतात.

यानंतर या विषयाला पूर आला. त्यातले सगळेच पाणी नितळ नाही. १९९२ साली आयोवा येथील यू आणि कोल यांनी करंगळी बाजूला नेणाऱ्या स्नायूचा व्यायाम काही जणांकडून नुसता मनातल्या मनात करविला. चार आठवड्यांनी त्यांची शक्ती २२ टक्क्यांनी वाढली. प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ३० टक्क्यांनी. वर्तमानपत्रांना ही बातमी फार आवडली, कारण खुर्चीत बसून बलवान होण्याची आशा कोणाला नको असते? १९९८ मध्ये दंडाच्या स्नायूवर असाच प्रयोग झाला तेव्हा मात्र कल्पनेतल्या व्यायामाचा लाभ दिसला नाही. करंगळीचा तो स्नायू एकटा वापरण्याची सवय कोणालाच नसते, म्हणून तेथे केवळ 'कसा हुकूम द्यावा' हे शिकण्यानेही पुष्कळ पडते. दंडाला ते आधीच येत असते. एवढ्यावरून मनातल्या बैठका काढण्याच्या भरीस कोणी पडू नये.

ज्या गोष्टी पक्क्या झाल्या त्या थोडक्यात सांगण्याजोग्या आहेत. नवशिका वजन उचलतो तेव्हा उचलणारा स्नायू आणि त्याच्या विरुद्ध ओढणारा स्नायू असे दोन्ही एकदम आवळतो, गाडी हाकता हाकता ब्रेक दाबून धरावा तसा. १९९२ साली कॅनडात मांडीच्या व्यायामावर झालेल्या अभ्यासात ही विरुद्ध ओढ पहिल्या आठवड्यातच कमी झालेली आढळली. कुस्तीच्या मातीत 'अंग सैल सोड' म्हणून वस्ताद ओरडतात ते हेच. आणि २०१९ साली देल व्हेकिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नडगीवरच्या स्नायूत तेच ते नाईक व्यायामापूर्वी आणि चार आठवड्यांच्या व्यायामानंतर ओळखून काढले. व्यायामानंतर ते नाईक पूर्वीपेक्षा कमी जोरालाच उठत होते आणि हुकूम अधिक घाईने देत होते. एड्रियनने जी 'टक्, टक्' ऐकली ती आता एकेका पेशीच्या नावानिशी ऐकू येऊ लागली आहे.

मात्र केवळ मज्जातंतूंच्या शिक्षणावर पहिलवान तयार होत नाही. उठवावयाच्या तुकड्या उठून झाल्या की पुढची वाढ स्नायूच्या जाडीनेच होते. तेथे अन्न, झोप आणि वर्षानुवर्षांचा नेम यांना पर्याय नाही. म्हणूनच पहिल्या सहा आठवड्यांची भरधाव प्रगती पुढे मंदावते आणि तेथेही पुष्कळजण निराश होतात. पहिल्या महिन्यात आरसा पाहून सोडणारे आणि तिसऱ्या महिन्यात वजनाचा आकडा पाहून सोडणारे, असे दोन पंथच आहेत म्हणावयाचे.

राहिला वृद्धांचा प्रश्न. आणि सभेला येणाऱ्या पुष्कळांना तोच अधिक जवळचा असेल. साठीनंतर पृष्ठरज्जूतल्या चालक पेशी एकेक करून कमी होऊ लागतात आणि पोरके शिपाई जवळच्या नाईकाकडे जातात, तसेच काहीसे जसे पोलिओत घडते. तुकड्या थोड्या पण अवजड होतात. हालचालीतला नेमकेपणा जातो, तोल सावरावयास उशीर होतो, जिन्यावर पाय चुकतो. या वयात आता काय व्हावयाचे, असे बोलले जाते. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात १९९० साली डॉ. मारिया फियातारोनी यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना पायांनी जड वजन उचलण्याचा व्यायाम आठ आठवडे दिला. एकाने मध्येच सोडला. उरलेल्या नऊ जणांच्या मांडीतला स्नायू सरासरी ९ टक्के वाढला. शक्ती वाढली ती १७४ टक्के. या दोन आकड्यांमधली तफावत कोठून आली, हे आता वाचकांना निराळे सांगावयास नको. व्यायाम बंद केल्यावर चारच आठवड्यांत सुमारे एकतृतीयांश शक्ती ओसरली, हेही त्याच निबंधात नोंदलेले आहे. आठ आठवड्यांच्या शेवटी त्यांच्यापैकी दोघांनी चालताना काठी घेणे सोडून दिले होते.